अक्कांची रेघ

अक्कांच्या दारात रांगोळी नसायची, रेघ असायची. सकाळी सडा टाकून झाला की त्या चिमटीत रांगोळी धरायच्या आणि उंबऱ्यापुढं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ रेघ ओढायच्या. ठिपके नाहीत, कमळ नाही, गोपद्मं नाहीत. दिवाळीत गल्लीतल्या बायका मोर काढायच्या, तेव्हाही अक्कांच्या दारात रेघच. घरात शिरायचं तर ती ओलांडावीच लागे. मी पहिल्यांदा त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी गेलो तेव्हा रांगोळीवर पाय नको म्हणून कडेनं वाट शोधत होतो. आतून आवाज आला, "पावणं, पृथ्वीला वळसा घालून येताय व्हय? या की सरळ."

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका लहानशा प्रवासी कंपनीत टूर मॅनेजर होतो. नव्वदीची मधली वर्षं. ऊसवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या घरांत फॉरेनला जाऊन यायची हौस नुकतीच शिरली होती. त्यांना पासपोर्ट, दशम्या आणि कांदा-लसणाच्या चटणीसकट घेऊन जायचं, डोकी मोजत फिरवायचं आणि मोजून परत आणायचं, हे माझं काम. अक्कांच्या घरी मी सिंगापूरचा फॉर्म भरून घ्यायला गेलो होतो. साठीच्या आतबाहेरची, चौथी शिकलेली, काष्ट्याचं लुगडं नेसणारी बाई एकटीच परदेशी निघाली होती. मुलगा म्हणत होता, काशीला जा. अक्का म्हणत होत्या, काशी हितंच हाय, पळून जात न्हाय.

त्यांचे यजमान गारगोटीला भूगोलाचे मास्तर होते. ते जाऊन वर्ष झालं होतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर आल्प्स काढले, नाईल वाहवली, आणि स्वतः रत्नागिरीचा समुद्रसुद्धा एकदाच पाहिला. मला वाटलं, बाई नवऱ्याची राहिलेली इच्छा पुरी करायला निघाली असेल. तसं बोलूनही दाखवलं. अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "इच्छा? त्यांची कसली इच्छा. मास्तर जलमभर मला म्हणाले, तुला जगातलं काय कळतंय. आता जाऊन बघतो की, त्यांना तरी किती कळत हुतं." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. अक्कांच्या तोंडी तर ते शोभायचंच.

रेघेची गोष्ट त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. शाळा तपासायला आलेले साहेब घरी जेवायला होते. मास्तर पृथ्वीच्या गोलाबद्दल बोलत होते, विषुववृत्त म्हणजे काय ते समजावत होते. अक्का वाढत होत्या. त्यांनी न राहवून विचारलं, "मग ती रेघ ओलांडताना पायाला लागत न्हाय का?" पंगत हसली. मास्तर सगळ्यांत जास्त हसले. तिथं संपलं असतं तर संपलं असतं. पण दरवर्षी जूनमध्ये अक्षांश-रेखांशाचा धडा काढला की मास्तर वर्गाला आधी ही गोष्ट सांगायचे. गारगोटीच्या बाजारात पोरं अक्कांना पाहून पाय उंच उचलून चालायची. अक्कांनी पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी दारात पहिली रेघ ओढली. मास्तरांनी विचारलं, हे काय? "रेघ. ओलांडून जावा आणि पायाला लागली का ते सांगा."

मास्तरांनी कधी सांगितलं नाही. पुसलीही नाही. रोज छत्री काखेत मारून ती ओलांडत शाळेला जात राहिले, आणि निवृत्तीनंतर कोल्हापूरला मुलाकडं आले तेव्हा रेघही मागोमाग आली. पहिल्या बाळंतपणाला अक्का सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या माहेरी गेल्या होत्या, तेवढे दिवस दार मोकळं होतं. परतल्यावर मास्तर म्हणाले होते, बरं झालं आलीस, उंबऱ्यात रोज अडखळत होतो. हे सांगितलं आणि लगेच मला म्हणाल्या, "लिही की तुजा फारम. गप का बसलास?"

सिंगापूरला पोचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, इथनं विषुववृत्त किती लांब? मी सांगितलं, फार नाही, पुण्यापेक्षाही जवळ. पण मध्ये समुद्र आहे आणि कार्यक्रमात ते नाही. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पक्षी, मासे, नाचणारी कारंजी, काही म्हणून बघितलं नाही. संध्याकाळी समजूत काढायला मी म्हणालो, लंडनजवळ ग्रीनिच म्हणून जागा आहे. शून्य रेखावृत्त तिथून जातं. तिथं म्हणे जमिनीवर खरोखरची रेघ आखली आहे.

"बघून आलास का ऐकून?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. भाजीवाल्यापासून मठातल्या स्वामींपर्यंत कुणालाही विचारायच्या. मी म्हणालो, ऐकून.

"मग बघून ये."

पुढच्या वर्षी एका ग्रुपबरोबर लंडनला गेलो तेव्हा खरंच वेळ काढून बघून आलो. टेकडीवर जुनी वेधशाळा, आणि तिच्या अंगणात फरशीत बसवलेली धातूची लांबलचक पट्टी. लोक तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढत होते. मीही काढून घेतला. परत आल्यावर तो अक्कांना दाखवायचा होता. मग वाटलं, नको, नेऊनच दाखवू. फोटो टेबलाच्या खणात ठेवला आणि त्यांना नुसतं म्हणालो, चला युरोपला. अक्कांनी छापील कार्यक्रम दोनदा वाचून घेतला. ग्रीनिच त्यात नव्हतं. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. शेवटच्या दिवसाखाली मी लिहिलं, 'लंडन : ग्रीनिच, रेघ', आणि खाली सही केली. तो कागद त्यांनी मास्तरांच्या ॲटलासमध्ये घातला.

तो ॲटलास त्यांच्याबरोबर सगळं युरोप फिरला. पोथीसारखा लाल फडक्यात बांधलेला. मास्तरांचं जे जे चुकलं म्हणून अक्कांना वाटे, तिथं त्या पेन्सिलीनं फुली मारायच्या. मास्तर म्हणायचे, व्हेनिस पाण्यावर तरंगतं. "तरंगतंय कुठलं? खांबावर हुबं हाय." फुली. पिसाचा मनोरा मात्र मास्तर फळ्यावर काढायचे तसाच तिरका निघाला, त्या दिवशी त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. बर्फाच्या डोंगरावर सगळे लहान मुलांसारखे घसरत असताना त्या शालीत गुंडाळून उभ्या होत्या. कसा वाटला आल्प्स, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "मास्तर काढायचे तो जरा जास्त उंच हुता." फुली मारायला ॲटलास उघडला, आणि तसाच मिटला.

रोज सकाळी बस त्यांच्यासाठी थांबायची. अक्का लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात जायचा नाही. त्या ग्रुपमध्ये निम्मी माणसं शिरोळच्या आबांनी आणलेली. आबा म्हणजे तिकडचं वजनदार प्रस्थ. ते 'हं' म्हणाले की वीस जणांची तिकिटं पक्की. एका सकाळी ते बसमधून ओरडले, "अक्का, आटपा, आल्प्स वितळाय लागला." अक्का एकेक पायरी चढत म्हणाल्या, "वितळू दे की. पुराचं पाणी तुमच्या शिरोळला नवं हाय व्हय?" सगळी बस हसली, आबाही हसले, पण ते त्यांच्या मनात राहिलं असावं.

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहायला बसलो.

लंडनचा शेवटचा दिवस. दुपारी अर्धा दिवस मोकळा होता, तो ग्रीनिचसाठी मी राखून ठेवला होता. सकाळी नाश्त्याला आबांनी मला बाजूला घेतलं. बायकांची खरेदी राहिलीय, दुपारी बाजारात सोडा, रेघ बघायला कोण जातंय. त्यांनी दम दिला नाही. पुढच्या वर्षी चाळीस जण आणायचं म्हणतोय, एवढंच म्हणाले. मी बसमध्ये चढलो. अक्का पहिल्या बाकावर बसल्या होत्या. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या होत्या, मांडीवर ॲटलास, हातात माझ्या सहीचा कागद.

वेळ नाही म्हणालो असतो तर त्या भांडल्या असत्या. भांडणात मी त्यांच्याशी कधी जिंकलो नव्हतो, आणि आबांसमोर हरायची माझी तयारी नव्हती. त्या गप्प बसतील असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते कुठलं हे मला ठाऊक होतं. त्यांनीच तर मला सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, "अक्का, तिथं रेघ-बिघ काही नाही. नुसती दुर्बीण आणि जुनी घड्याळं आहेत."

अक्कांनी विचारलं, "बघून आलास का ऐकून?"

"बघून," मी म्हणालो.

मागून आबा म्हणाले, "रेघ पृथ्वीवर असती व्हय अक्का? ती पुस्तकात असती." बस हसली. पन्नास माणसांनी मिळून एकाला हसायचं ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. अक्कांनी ऐकलं होतं. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिली. "तुज्याजवळ असू दे." बाजारात त्या बसमधून उतरल्या नाहीत. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तर काचेबाहेर बघत म्हणाल्या, "म्हंजे मास्तरांना कळत हुतं." मग ॲटलास उघडून, पर्समधला खोडरबर काढून त्यांनी व्हेनिसची फुली खोडली.

चार-सहा महिन्यांनी ग्रुपचे फोटो द्यायला त्यांच्या घरी गेलो. सवयीनं पाय उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो. दारात ठिपक्यांची रांगोळी होती. सुबक, रंग भरलेली. सून बाहेर आली, म्हणाली, अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, रेघ सोडली. लंडनहून आल्यापासून मीच काढते रांगोळी. 'उगंच हट्ट केला इतकी वर्सं,' म्हणाल्या. आत अक्का मास्तरांच्या फोटोला हार घालत होत्या. त्या घरात मास्तरांच्या फोटोला हार मी तोवर पाहिला नव्हता. मला चहा दिला, चौकशी केली, सगळं गोड बोलल्या. त्या गोड बोलण्याची मला भीती वाटली.

तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढची सहा-सात वर्षं नाही सांगितलं. दरम्यान कितीतरी वेळा लंडनला गेलो, ग्रुप घेऊन त्या रेघेवर उभा राहिलो, इकडं पूर्व, इकडं पश्चिम असं सांगून लोकांना हसवलं. कामात राहून गेलं, असं म्हणता येईल. ते खोटं आहे. सांगितलं तर अक्का माझ्याकडं कशा बघतील, हे मला बघायचं नव्हतं. एका बाईनं चाळीस वर्षं लढून धरून ठेवलेली जागा मी एका शब्दात सोडायला लावली होती. तीही दुपारच्या खरेदीसाठी.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. गारगोटीच्या शाळेत भूगोलाच्या खोलीला मास्तरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. भिंतीवर लावायला जगातले फोटो हवे होते. "तुज्याकडं ढीग असंल, तम्मा. आण की." कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. टेबलाचा खण उघडून फोटो निवडले. तळाशी तो फोटो होता, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवलेला, मूर्खासारखा हसणारा मी. त्याच्याखाली चौपदरी घडी. दोन्ही बरोबर घेतले.

अक्कांचे गुडघे गेले होते. खुर्चीत बसून त्या एकेक फोटो बघत गेल्या, आणि त्या फोटोशी थांबल्या. मी घडी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. आबा, खरेदी, चाळीस जण. कारण सांगताना ते फार लहान वाटत होतं.

"हे काढलंस कधी?"

"आपण गेलो त्याच्या आदल्या वर्षी."

"म्हंजे बसमधी तुला म्हाईत हुतं."

"हो."

मी म्हणालो, अक्का, मी तुम्हाला नेतो. व्हीलचेअर मिळते, विमानापासून टेकडीपर्यंत सगळी सोय होते. त्यांनी हात हलवला. "मला बघायची न्हाय आता. ती हाय, एवढंच पायजे हुतं." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "माफी मागू नगंस. मागितलीस तर मी दिऊन टाकीन आणि तू मोकळा हुशील. गारगोटीला चल. हसली ती माणसं तिथं हायत."

शाळेचा हॉल माजी विद्यार्थ्यांनी भरला होता. पन्नाशी-साठीची, केस पिकलेली पोरं. मुख्य पाहुणे मास्तरांचेच विद्यार्थी, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते चांगलं बोलले. मास्तरांच्या शिस्तीबद्दल, फळ्यावरच्या नकाशांबद्दल. आणि शेवटी, अगदी प्रेमानं, त्यांनी ती गोष्ट सांगितली. पंगत, साहेब, रेघ, पायाला लागत नाही का. हॉल हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. अक्का पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठून माईक मागितला.

"मास्तरांचं सगळं खरं हुतं," त्या म्हणाल्या. "मी जाऊन बघितलंय. एक सोडून. ह्यो माणूस लंडनला धा येळा गेलाय. त्याला इचारते." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना 'इचारते' म्हणताना ऐकलं, माईकवर बोलायचं म्हणून असेल. त्यांनी मला बोटानं पुढं बोलावलं. "तिथं जमिनीवर रेघ हाय का न्हाय?"

"आहे."

"बघून आलास का ऐकून?"

"बघून. तिच्यावर उभा राहिलोय. आणि अक्कांना मीच खोटं सांगितलं होतं, की नाही म्हणून. त्या माझ्या खोट्यावर हरल्या."

मुख्य पाहुणे अवघडून म्हणाले, पण बाई, ती रेखावृत्ताची रेघ, गोष्टीतली विषुववृत्ताची. अक्का त्यांच्याकडं वळल्या. "उभी रेघ जमिनीवर असती, तर आडवीनं काय पाप केलंय?" अक्कांनी सगळ्या हॉलकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"आता हसा," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

कुणी हसलं नाही. माझा तो फोटो त्या खोलीत मास्तरांच्या तसबिरीशेजारी लावायचा हट्ट त्यांचाच. अजून आहे. परत येताना गाडीत, कागलच्या पुढं कोल्हापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर असते तर पाय उचलून गेले असते. बोलले मात्र काय नसते." गारगोटीहून कागलला वाकडी वाट करून त्यांच्या बहिणीला भेटून येत होतो. तिलाही त्यांनी सगळं सांगितलं होतं, माझ्यासमोर, एक अक्षर न गाळता. मला माफ केलं की नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात रेघ होती. वाकता येत नव्हतं म्हणून अक्का खुर्चीत बसून सांगायच्या आणि सून ओढायची.

दोन वर्षांनी अक्का गेल्या. मी पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती आणि उंबऱ्यापुढं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताजी पांढरी रेघ होती. मयताच्या दारात त्या दिवशी रांगोळी काढत नाहीत. एक म्हातारे गृहस्थ सुनेवर चिडले होते, पुसून टाक म्हणत होते. सून दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ.

"ही रांगोळी न्हाय, काका. रेघ हाय. अत्तींची."

म्हातारे बाजूला सरले. ज्याला आत जायचं होतं तो एकेक जण पाय उचलून ओलांडू लागला. माझी पाळी आली. मी चपला काढल्या आणि रेघ ओलांडली.

पायाला लागली.